कोल्हापूरला किती मार्क?

मे महिन्यात आमच्या टीममधल्या एका ज्युनियर मुलीने रात्री साडेअकराला एक शीट पाठवली. मूळची वर्ध्याची, पुण्यात वाकडला राहते, रोज ऑफिसला जायची सक्ती नाही तरी तिथलं भाडं भरत बसलीये, आणि आता तिला दुसऱ्या कुठल्यातरी शहरात जाऊन तिथून काम करायचंय. शीटमध्ये डाव्या बाजूला शहरं, नाशिक, संभाजीनगर, कोल्हापूर, पणजी, म्हैसूर. वरती कॉलम, नेट, लाईट, भाडं, हवा, प्रवास, हॉस्पिटल, बसून काम करायला जागा, आणि सगळ्यात शेवटी 'ओव्हरऑल'. खाली मेसेज, "ताई, कोल्हापूरची ओळ तू भर ना, दहापैकी. तुझ्याएवढं खरं कोण सांगणार." मला बरं वाटलं, कुणीतरी आपल्या गावाबद्दल आपल्याला विचारतंय म्हणून. जेवणाचं ताट तसंच बाजूला सारून भरायला बसले. सात रकाने दहा मिनिटांत झाले. आठवा काही केल्या होईना. सात लिहिलं, खोडलं, नऊ लिहिलं, खोडलं, शेवटी लॅपटॉप मिटला आणि झोपायला गेले, आणि झोप काही आली नाही.

नेटला मी आठ दिले होते. त्यातला एकेक मार्क मला पाठ आहे. जून २०२० मध्ये ई-पास काढून पुण्याहून आले तेव्हा मागच्या सीटवर मॉनिटर होता, आईच्याच जुन्या गोधडीत गुंडाळलेला, आणि डोक्यात एकच काळजी की सागरमाळावरच्या आमच्या घरात फायबर येईल का. आलं. दोन दिवसांत आलं. पुण्यात सोसायटीच्या परवानग्यांमध्ये महिना गेला असता, इथे एक पोरगा शिडी घेऊन आला, खांबावर चढला, खिडकीच्या चौकटीला भोक पाडलं आणि "चालू झालं बघा" म्हणून गेला. मग मी शहाणपणा करून दुसऱ्या कंपनीचंही कनेक्शन घेतलं, एक गेलं तर दुसरं असावं म्हणून. पहिल्याच वळवाला दोन्ही एकदम गेली. छत्री घेऊन बाहेर जाऊन बघितलं तर दोन्ही केबली एकाच खांबावरून आल्या होत्या, आणि त्या खांबावर शेजारच्यांच्या शेवग्याची फांदी मोडून पडली होती. शीटमध्ये स्पीड लिहितात, आणि तोही खाली उतरणारा. माझं काम वर चढणाऱ्या स्पीडवर चालतं, स्क्रीन शेअर करताना आवाज तुटला की समोरचा तीनदा "सॉरी?" म्हणतो आणि आपलं म्हणणं तिथेच मरतं. पण खरं सांगायचं तर सगळ्यात महत्त्वाचं हे की केबल तुटल्यावर फोन कोण उचलतं. इथे तो शिडीवाला पोरगाच उचलतो. रविवारीसुद्धा.

लाईटला सहा. पावसाळ्यात झाड पडलं, लाईट गेली. इन्व्हर्टरवर पंखा, राऊटर, लॅपटॉप पाच-सहा तास निघतात, पण गल्लीची लाईट गेली की थोड्या वेळाने नेटवाल्याकडची बॅटरीही संपते, आणि मग सगळी गल्ली एकदम मोबाईलच्या नेटवर येते आणि तेही मुंगीच्या पावलाने चालायला लागतं. म्हणजे घरात उजेड आहे, पंखा फिरतोय आणि आपण जगाच्या नकाशावरून गेलेलो असतो. भाड्याला नऊ लिहिले आणि लिहिताना जरा अपराधी वाटलं, कारण मी राहते आईच्या घरात. आणि मला हेही दिसतंय की आमच्यासारखे चार जण पुण्या-बेंगळुरूचे पगार घेऊन परत आले, त्यानंतर गल्लीतली वरच्या मजल्याची भाडी वाढली. समोरच्या घरात वर भाड्याने राहणारे एक मास्तर होते, खाजगी क्लासमध्ये शिकवायचे, ते आता पार पाचगावच्या पुढे राहायला गेलेत. तिच्या शीटमध्ये भाडं कमी असलं की मार्क जास्त. मास्तरांच्या शीटमध्ये मी काय आहे कुणास ठाऊक.

हवेला सात, ऑगस्टमध्ये विचारलं असतं तर पाच दिले असते. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, कपाटातल्या साड्यांना कुबट वास येतो, आई शेगडीवर उलटी पाटी ठेवून तिच्यावर पोलकी वाळवते. आणि डिसेंबरात विचारलं असतं तर दहा. पहाटे विद्यापीठात फिरायला जावं, झाडीतून मोर ओरडत असतात, गवतावर दव असतं, आणि सहाला आलेली ईमेलं आठपर्यंत आपोआप लांबची वाटतात.

प्रवासाचं काय बोलायचं. पुणं सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, रस्ता कायम कुठेतरी उकरलेला. २०२४ पासून वंदे भारत सुरू झाली, आठवड्यातून तीनच दिवस पण बसायला बरी आहे. महिन्यातून एकदा मला ऑफिसला तोंड दाखवावं लागतं. जाताना आई अजूनही डब्यात दशम्या देते, मी अडतीस वर्षांची आहे.

मग आला तो 'बसून काम करायला जागा' कॉलम. त्या दहा मिनिटांतला बराच वेळ मी ह्यावरच घालवला, कारण पोरगी एकटी येणार आहे. जागा आहेत. राजारामपुरीत आहेत, नागाळा पार्कात आहेत, चांगली कॉफी मिळते, प्लग असतात. पण बाईने एकटीने दोन-तीन तास लॅपटॉप उघडून बसणं आणि कुणी दुसऱ्यांदा वळून न बघणं, हे वेगळं माप आहे आणि ते कुठल्याच शीटमध्ये नसतं. सुरुवातीला वेटर दर वीस मिनिटांनी येऊन विचारायचा, "अजून कोण यायचंय काय मॅडम?" उद्धटपणा नव्हता त्यात, त्याला खरंच वाटायचं की कुणीतरी यायचं राहिलंय. सहा महिन्यांनी तो बंद झाला, आता मी दिसले की कोपऱ्यातलं टेबल पुसून देतो. हे सहा महिने मार्कात कसे धरायचे? करवीर नगर वाचन मंदिरातही जाऊन बसले काही दिवस, १८५० सालची संस्था, जुन्या कागदाचा तो गोडसर वास, पेपर वाचणारे आजोबा पान उलटतानासुद्धा जपून उलटतात. मला तिथे फार शांत वाटायचं. पण तिथे बोलता येत नाही आणि माझं निम्मं काम बोलायचं आहे.

बोलण्यावरून आठवलं. आमच्याकडे बायका "मी जातो, मी येतो" म्हणतात. माझी आई तसंच बोलते, आजी तसंच बोलायची, लहानपणी मीही तसंच बोलायचे. पुण्यात गेल्यावर पहिल्या वर्षी होस्टेलवर पोरी हसल्या, तेव्हापासून "जाते, येते" झालं आणि पंधरा वर्षांत ते इतकं अंगवळणी पडलं की परत आल्यावर आईशी बोलतानाही मी पुण्याचंच बोलत होते. एकदा मी कॉलवर होते, म्यूट करायला विसरले होते, आणि खालून आईने हाक मारली, "मंडईत जाऊन येतो गं, कडी लावून घे." मी तिथूनच ओरडले, "ये जाऊन, आलो मी कडी लावायला." कॉलवर एक पुण्याचा पोरगा होता, तो नंतर हळूच म्हणाला, तुम्ही घरी वेगळंच बोलता. मला तेव्हा जो आनंद झाला तो सांगता येत नाही. घर मिळालं होतं परत, असं वाटलं.

पण हे अर्धंच खरं आहे.

माझे क्लायंट शिकागोला. त्यांची सकाळ ती माझी संध्याकाळ, साडेसातपासून साडेदहापर्यंत मी खोलीत दार लावून. आणि कोल्हापूर हे संध्याकाळचं गाव आहे. गंगावेशीत म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात, ते प्यायला लोक गाड्या लावून थांबतात. रंकाळ्यावर वारा सुटलेला असतो. खासबागेत भेळीच्या गाड्यांवर कांदा चिरल्याचा वास. कट्ट्या-कट्ट्यावर माणसं बसलेली, कोण कुणाला काय म्हणालं, कुठल्या तालमीचं काय चाललंय, कुणाच्या घरी कोण आजारी आहे. गाव एकमेकांना भेटतं ते ह्या तीन तासांत, आणि नेमके तेच तीन तास मी पाच दिवस विकलेले. साडेदहाला खोलीतून बाहेर येते तेव्हा गल्ली झोपायला निघालेली असते. शहराचं घड्याळ आणि आपल्या कामाचं घड्याळ जुळतं का, असा एक कॉलम हवा होता खरं तर. मुंबईत रात्री अकरालाही कुणीतरी भेटेल. इथे अकराला फक्त कुत्री.

शेजाऱ्यांना पहिली दोन वर्षं मी नक्की काय करते ते कळत नव्हतं. दिवसा अकराला मी गॅलरीत चहा पीत उभी दिसायचे. "घरीच असतीस व्हय आता?" असं विचारायचे, आणि त्या 'आता'मध्ये नोकरी गेली असावी बिचारीची, अशी माया असायची. एका काकूंनी तर आईला बाजूला घेऊन विचारलं, पैशाची काही अडचण असेल तर सांग. मला ते खूप लागलं होतं तेव्हा. आज वाटतं, वाकडच्या अकराव्या मजल्यावर कुणी असं विचारलं असतं का माझ्या आईला.

आता ते सांगते ज्याच्यामुळे आठवा रकाना भरेना.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी पुण्यात होते. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं, आई घरात एकटी. पंचगंगेला ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे कोल्हापुरातल्या पोराला पाढ्यांसारखे पाठ असतात. त्या वेळी पाणी ५५ च्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, आठवडाभर रस्ता बंद. आमचं घर उंचावर, आईला धोका नव्हता, पण नळाला पाणी नाही, पेट्रोल नाही, फोन लागला तर लागला. मी बॅग भरून स्वारगेटला गेले, गाडी नाही म्हणाले, परत आले, दुसऱ्या दिवशी परत गेले. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणालं, आज चहा ब्लॅकच, कोल्हापूरचं दूध आलं नाहीये. सगळे हसले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तेव्हा ठरवलं होतं की परत असं झालं तर मी तिथे असणार. पुढच्या वर्षी लॉकडाऊनमुळे परत आले असं मी सगळ्यांना सांगते, पण गाडी भरताना मनात ते दूधच होतं.

२०२१ च्या जुलैत परत झालं. मी कोल्हापुरातच होते. वरच्या खोलीत.

२३ जुलै, शुक्रवार. पाऊस असा की खिडकीतून समोरचं घर दिसत नव्हतं. गावात सुतारवाड्यातली माणसं चित्रदुर्ग मठात आणून ठेवली होती, दुधाळी, शुक्रवार पेठेचा नदीकडचा भाग, शाहूपुरीची कुंभार गल्ली सगळीकडे पाणी, नदी २०१९ चाही आकडा मागे टाकणार असं लोक बोलत होते. पाण्याचे पंप बुडाल्यामुळे नळ परत बंद. आणि त्या संध्याकाळी माझा डेमो होता. तीन महिन्यांचं काम. सागरमाळावर लाईट होती. नेट होतं, दोन्ही. आमच्याकडे बोअरचं पाणी. कॉलच्या सुरुवातीला शिकागोच्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे हवा कशी आहे, आणि मी म्हणाले, पाऊस पडतोय. एवढंच म्हणाले. आणि स्क्रीन शेअर केली.

खाली आमच्या स्वयंपाकघरात गल्लीतल्या सहा-सात बायका जमल्या होत्या. मठातल्या माणसांसाठी भाकरी करत होत्या. मला वर ऐकू येत होतं, भाकरी थापल्याचा तो पटपट-पटपट आवाज, मध्येच परातीचा आवाज, कुणीतरी "पीठ संपलं, माझ्यातनं घेऊन येतो" म्हणत निघाली. भाजक्या भाकरीचा वास जिन्यातून वर आला होता. मी हेडफोन आणखी घट्ट दाबला, माझा माईक तो आवाज पकडेल म्हणून. मग दार वाजलं. खालचं. समोरच्या मावशींच्या पोराचा आवाज, "काकू, ताई हाईत काय? गाडी पायजे होती जरा, भाकरी पोच करायला. आमच्या गाडीत पेट्रोल न्हाई." आणि आई म्हणाली, "तिची मीटिंग चालू हाय रे." तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे मग. बघतो दुसरीकडं."

गाडीची किल्ली माझ्या टेबलावर होती. लॅपटॉपच्या बाजूला, माऊसपासून एक वीत. कॅमेरा बंद करून, जिन्याच्या कठड्यावरून किल्ली खाली टाकायला किती वेळ लागला असता, वीस सेकंद? मी नाही उठले. नऊ लोक बघत होते, वाक्य अर्ध्यात होतं, आणि त्या क्षणी मला खरंच वाटलं की उठता येत नाही. डेमो उत्तम झाला. शिकागोच्या बाईंनी खूप कौतुक केलं. साडेनऊला खाली आले तर ओटा पुसून स्वच्छ, बायका गेलेल्या, टोपलीत दोन भाकरी माझ्यासाठी फडक्याखाली झाकून ठेवलेल्या. आई काही बोलली नाही. तो पोरगा दोन खेपा सायकलवरून गेला होता, प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यालाही राग नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "न्हाई ताई, तुमचं काम हाय की." जसं पुण्यात असलेल्या माणसाबद्दल म्हणावं तसं. ते मला अजून टोचतं. त्याने मला धरलंच नव्हतं गावात.

शनिवारी-रविवारी मी गेले, पाण्याचे कॅन टाकले गाडीत, मठाच्या दारात रांगेत उभी राहिले, एका आजीच्या हातात बॉक्स दिला तर तिने हात धरूनच ठेवला बराच वेळ, गार पडलेला, सुरकुतलेला हात. सोमवारी सकाळी परत लॉगिन.

आणि आता ही शीट. त्या शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला कुणी मला विचारलं असतं तर माझ्या खोलीपुरते सगळे रकाने भरून वाहत होते. लाईट दहा, नेट दहा, पाणी दहा. दोन-तीन किलोमीटरवर लोकांच्या घरात छातीएवढं पाणी होतं आणि मी कुठेही अडले नव्हते. लोक लिस्बनचं, बालीचं, गोव्याचं असंच मोजतात, मला काय मिळेल, कितीला मिळेल, किती विनाअडथळा मिळेल. २०२० नंतर उत्तर गोव्यात बाहेरून आलेल्यांनी घरं घेतली, भाडी कुठल्याकुठे गेली, माझी एक मैत्रीण म्हापशाची, ती सांगते, वाड्यावर आता रात्री दिवे दिसतात पण कुणाच्या मयताला खांदा द्यायला माणसं मोजून मिळतात. मी त्या लोकांना नावं ठेवायचे. त्या दिवसापासून ठेवत नाही. मी तर इथलीच, इथे जन्मलेली, तालमीचा गणपती बघत वाढलेली, आणि तरी खोलीचं दार लावलं की मी शिकागोची.

त्या मुलीला मी हे कसं सांगू? तिने भाड्याबद्दल विचारलंय. तिची काही चूक नाही, वाकडच्या भाड्याने माणूस मेटाकुटीला येतो हे मी स्वतः भोगलंय. तिला इथे आणायचंच आहे मला. स्वार्थ आहे माझा त्यात, रात्री साडेदहाला कॉल संपल्यावर बोलायला एक माणूस मिळेल. पण तिला इथे येऊन फक्त स्वस्तात राहायचं असेल तर ते मला बघवणार नाही, आणि तसं तोंडावर म्हणायचा मला अधिकार नाही.

परवा तिचा परत मेसेज आला, "ताई, एक कॉलम राहिलाय." मी फोनच केला. म्हणलं, डिसेंबरात बघायला येऊ नकोस, तेव्हा सगळ्यांनाच आवडतं. जुलैत ये. आठ-दहा दिवस आमच्याकडे राहा, आईच्या बाजूच्या खोलीत, तिथूनच काम कर. ती म्हणाली, जुलैत का, पावसात काय कळणार? मी म्हणलं, तू ये तर. मग रकाना तूच भर. ती जरा थांबली, मग म्हणाली, रेनकोट आणू का गमबूट? दोन्ही आण म्हणलं.

जुलै आला की मी सकाळी लॉगिन करायच्या आधी राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी बघते, मगच ईमेल. २०२४ च्या जुलैत पाणी पुन्हा धोक्याच्या वर गेलं तेव्हा दोन दिवस सुट्टी टाकली, कारण खरं लिहिलं, पूर आलाय आणि मला गल्लीत काम आहे. मॅनेजरने काही विचारलं नाही. मी तीन वर्षं उगाच धरून बसले होते की विचारतील.

यंदाही मृगाचा पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी, कॉलच्या आधी, समोरच्या घरी गेले. मावशी निवडत बसल्या होत्या, मांडीवर ताटात तांदूळ. गाडीची दुसरी किल्ली पुढे केली. "आली व्हय तारीख," म्हणत त्या उठल्या, हात पदराला पुसला, आणि कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला किल्ली अडकवली, मागच्या वर्षीची गंजाची रेघ भिंतीवर होती तिथेच. चहा टाकू का म्हणाल्या. घड्याळात सव्वासात झाले होते.

"टाका," म्हणलं, "पंधरा मिनिटं बसतो."